तिथीची पाऊणपट : खानदेशातून किनाऱ्याच्या कामाला निघणाऱ्यांसाठी

कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलाच्या, कामासाठी कोकणात चाललोय, हे मी गावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ओट्यावर बसलेले जिभाऊ म्हणाले, "आठे नालामा पानी नही, आन तू समुंदर वाचाडाले चालना का?" चारचौघं हसले. मीही हसलो, पण प्रश्न चुकीचा नव्हता. अमळनेरच्या माणसाचं खाडीत काय काम? तिथली माणसं काय हात बांधून बसलीयत?

नऊ-दहा फेऱ्या झाल्या तरी या प्रश्नाचं माझं उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं हल्ली विचारतात, "सर, आम्हालाही यायचंय, काय करायचं?" त्यांना तोंडी सांगून सांगून जे जमा झालं, ते इथे ओळीने लिहितो. रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) हिवाळी शिबिराचे कार्यक्रम अधिकारी, गणेश मंडळं, सुट्टीत काहीतरी करू म्हणणारे शिक्षक, सगळ्यांना चालेल.

आधी सुरतेला जाऊन या

थेट कोकणात जाऊ नका. आधी आपल्याच नदीचं शेवटचं टोक बघा. खानदेशातल्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं कुणीतरी सुरतेला आहे. उधना, लिंबायत, दिंडोलीत मावशी नाहीतर चुलतभाऊ सापडेलच. भुसावळ-जळगावहून तापी लाइनची गाडी धरा. अमळनेर, नंदुरबार करत नवापूर लागतं. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, त्याचा फोटो काढायचा तर काढा. पुढे उधना.

तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत डुमसजवळ समुद्राला मिळते. चांगदेवला पूर्णा, पुढे गिरणा, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई असं आपलं सगळं पाणी घेऊन ती जाते. सुरतेत रांदेर-सिंगणपोरच्या कॉजवेवर तासभर उभे राहा. वरच्या अंगाला अडवलेलं गोडं पाणी, खालच्या अंगाला भरती-ओहोटीची नदी. भरतीच्या वेळी खालचं पाणी उलटं, वर चढताना दिसतं. नदी उलटी वाहते हे आम्हा लोकांना ऐकून माहीत असतं. डोळ्यांनी बघितल्यावर पोरं गप्प होतात.

मग मावशीला ऑगस्ट २००६ विचारा. तापीवरच्या उकाई धरणाचे दरवाजे उघडले आणि सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला, त्या आठवड्यात त्या घराने काय केलं, पाणी कुठवर आलं, गच्चीवर किती दिवस काढले. भिंतीवरची पाण्याची रेघ कुणी अजून दाखवेल. किनाऱ्यावरच्या माणसाला हवामानाची भीती का वाटते, हे कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा त्या स्वयंपाकघरात लवकर कळतं. वरून येणारा पूर आणि खालून चढणारी भरती एकाच वेळी आली तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. खाडीकाठच्या प्रत्येक गावाची खरी अडचण ही.

भरतीचं गणित शिका, मगच तिकीट काढा

माझी पहिली फेरी सांगतो. एका संस्थेने सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर कांदळ लावायला बोलावलं होतं. आम्ही बावीस जण. वेळ ठरली सकाळी अकराची, कारण पाहुणे अकराला येणार होते. दिवस पौर्णिमेचा. आम्ही टोप्या घालून, रोपांच्या पिशव्या घेऊन काठावर पोहोचलो तर चिखल कुठेच नाही, नुसतं पाणी, आणि तेही वर चढतंय. तिथे टोपलीत कालवं (एक जातीचे शिंपले) घेऊन बसलेल्या एका काकूंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाणी भरता हा, आता खंय जातास चिखलात?" एवढंच म्हणाल्या आणि कालवं फोडत राहिल्या. भाषणं झाली, फोटो झाले. रोपं आम्ही दुपारी पाणी अर्धं उतरल्यावर, जेवढा चिखल उघडा पडला त्यात, घाईघाईने खोचली.

त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. आधी गणित.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आमचे पाहुणे बरोब्बर भर उधाणात आले होते! हा हिशेब मुंबईकडचा आणि ढोबळ आहे. दक्षिणेला भरती आधी लागते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्याने तास-दीड तासाची ढील धरावी. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास फरक कमी, तो भांग.

आपल्याकडे वाल-पाटाची पाळी असते तसंच हे आहे. पाळी रात्री दोनची आली तर शेतकरी दोनला उठतो. पाण्याला सवड विचारत नाही. चिखलातलं काम ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढ्यात बसवायचं. त्यामुळे शिबिराची तारीख ठरवताना कॉलेजच्या वेळापत्रकाआधी भिंतीवरची दिनदर्शिका बघा. नेमक्या वेळा मोबाइलवर मिळतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राकडून उंच लाटांचे इशारेही येतात, ते गटात एकाने तरी बघायला शिकावं. पण तिथीवरून अंदाज बांधता येत असेल तर गावातली माणसं तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलतात, हा माझा अनुभव.

रोप लावण्याआधी विचारायचे प्रश्न

आमच्या त्या रोपांमधली पुढच्या वर्षी दोन उरली होती. पावसाळ्याने, लाटांनी आणि चुकीच्या जागेने बाकीची नेली. जागा चुकीची म्हणजे कांदळवनाच्या पुढची उघडी चिखलपट्टी. ती रिकामी दिसते म्हणून आपण लावायला धावतो. प्रत्यक्षात तिथे स्थलांतरित पक्षी चरतात, बाया शिंपले काढतात. आणि पाणी तिथे इतका वेळ उभं असतं की कोवळं रोप तग धरत नाही. धरत असतं तर आधीच उगवलं नसतं का?

कांदळवन म्हणजे एकच झाड नव्हे. कांदळाची लांब हिरवी शेंग झाडावरच रुजते आणि खाली पडते. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात. चिप्पी असते, पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. कोणतं झाड पाण्याच्या किती जवळ वाढतं हे ठरलेलं असतं. ज्या खाडीत आजूबाजूला जुनी झाडं आहेत तिथे बी आपणहून येतं. अडलेलं असतं ते पाणी. कुठे रस्त्याचा भराव टाकलाय आणि मोरीच ठेवली नाही, कुठे राडारोडा पडलाय. ती वाट मोकळी केली तर चार-पाच पावसाळ्यांत जंगल स्वतः उभं राहतं.

हे आपल्याला नवीन असायचं कारण नाही. साक्री तालुक्यातलं बारीपाडा आठवा. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्या गावाने नव्वदच्या दशकापासून उजाड डोंगर राखला. तिथे आधी झाली ती राखण: तोड बंद, चराईला नियम, आणि गावाने स्वतःवर लावून घेतलेला दंड. जंगल त्याच्या मागोमाग परत आलं. लावण्यापेक्षा राखणं जास्त फळतं हे ज्याने सातपुड्याच्या किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला बघितलंय, त्याने खाडीवर जाऊन पाचशे रोपांचा आकडा मागू नये. म्हणून बोलावणाऱ्यांना विचारा: ही जागा कुणाची? इथे आधी कांदळवन होतं का? गेलं ते कशामुळे? आणि पुढची तीन वर्षं इथे कोण येणार? चौथ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर नम्रपणे नाही म्हणा.

आता एक गुंता सांगतो, कारण नवखा माणूस हमखास यात पाय घालतो. रायगड जिल्ह्यात, पेण-अलिबागकडे, खाडीला मातीचे बांध घालून भातशेती करतात. ती खारबंदिस्ती. पूर्वी गावकरी एकत्र येऊन दरवर्षी बांध दुरुस्त करत, आपल्या पांझरेच्या फडांवर (सामाईक पाण्याच्या शेतपट्ट्यांवर) लोक एकत्र येऊन पाट काढत तसेच. १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा झाला, योजना सरकारी झाल्या, आणि बऱ्याच ठिकाणी बांध नेमका कोणी बघायचा हेच धूसर झालं. उधाणात बांध फुटतो, खारं पाणी भाताच्या खाचरात शिरतं. दोन-तीन वर्षं बांध बांधलाच नाही तर त्याच खाचरात तिवर उगवतं. कांदळवनाला हात लावायला बंदी आहे; मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्ये ती आणखी पक्की केली. म्हणजे शेतकऱ्याचं शेत कागदावर शेत आणि डोळ्यांसमोर जंगल!

अशा माणसासमोर उभं राहून "कांदळवन वाचवा" म्हणालात तर तो काय समजेल? तो कांदळवनाचा शत्रू नसतो. बाहेरच्या बाजूला तिवर असेल तर बांधावरची लाट मोडते, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्याला बांध हवाय. काही गावांत आम्ही रोप एकही लावलं नाही, नुसते बांधाची भगदाडं मोजत, त्यांचे फोटो आणि जागा नोंदवत हिंडलो. अर्जाला जोडायला गावाला ती नोंद हवी होती. माझ्या मते आमच्या सगळ्या फेऱ्यांत सर्वात उपयोगी पडलेलं काम ते, आणि त्याचा एकही फोटो कुणी व्हॉट्सअॅपवर टाकला नाही.

कुठे, आणि कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर-डिसेंबर हा खानदेशी माणसाचा हंगाम. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि फेब्रुवारी-मार्चपासून काही वाड्यांना टँकर लागतो. आपल्या धुळ्याला त्याच्या पाचव्या हिश्श्याचाही पाऊस नाही, त्यामुळे हे पचायला जड जातं. पण जांभ्या दगडातून पाणी चाळणीसारखं निघून जातं आणि उतार थेट समुद्राला. शिवाय किनाऱ्यालगतच्या विहिरीवर पंप जास्त चालला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारं पाणी आत सरकतं. एकदा विहीर खारी झाली की ती गोडी व्हायला किती पावसाळे लागतील सांगता येत नाही.

म्हणून पाऊस संपता संपता वहाळांवर (ओढ्यांवर) वनराई बंधारे घालतात. सिमेंटची रिकामी पोती, त्यात माती-वाळू, एकावर एक रचायची, मध्ये माती चोपायची. एका दिवसात पंचवीस माणसं एक बंधारा उभा करतात. पोत्यांची तंगी असते. येताना शे-दोनशे पोती बांधकामांवरून गोळा करून, झटकून आणा. शालीपेक्षा त्याचं स्वागत जास्त होतं. एक सूचना मात्र आहे. आपल्याला शिरपूर पॅटर्नचा अभिमान आहे, तो असावाच. पण सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल केले ते तापीकाठचा गाळ आणि त्याखालचा काळा दगड यांचा अभ्यास करून. जांभ्याच्या पठारावर तोच खड्डा खणून पाणी थांबेल असं नाही. पहिल्याच दिवशी "आमच्याकडे असं करतात" सुरू करू नका. दुसऱ्या फेरीत, विचारलं तर सांगा.

फेब्रुवारी ते एप्रिल कासवांचा काळ. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं निघतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून गावकरी आणि सह्याद्री निसर्ग मित्र यांनी हे काम उभं केलं. पूर्वी अंडी चोरीला जायची. आता कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात आणि घरटी कुंपणात हलवतात. वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. म्हणजे वाढत्या उन्हाचा हिशेब तिथे अंड्यात दिसतो. तुमचं काम काय? बहुतेक वेळा काहीच नाही. दोरीच्या मागे उभं राहायचं, टॉर्च लावायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, गावातल्याच घरात राहून जेवणाचे पैसे रोख द्यायचे. पिल्लू समुद्राकडे जाताना बघायला मिळतंच असंही नाही. आम्ही दोनदा हात हलवत परतलो.

माणसं भेटायची तर वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे, २०१२ मध्ये सुरू झालेला. त्याच्या जोडीला मँग्रोव्ह फाउंडेशन आहे. खेकडापालन, कालवं, जिताडा मासा, गावातलं पर्यटन अशी कामं बचत गटांबरोबर चालतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा गट स्वतः वल्हं मारत कांदळवन दाखवतो, तिथे तिकीट काढून बसा. पोरांनी पोरींना पोहता येतं का विचारण्याआधी वल्हं कोणाच्या हातात आहे ते बघावं.

जून-जुलैत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला, लोक जाळी विणत, होड्या शाकारत बसलेले. पाहुण्यांना वेळ देतील, पण काम नाही.

पिशवीत काय

जुने कॅनव्हासचे बूट, घट्ट नाडीचे. चप्पल चिखलात राहते आणि कालवांच्या कवचांनी तळपाय ब्लेडसारखा कापतो. जास्तीचे कपडे, कारण कोकणात धुतलेलं वाळत नाही. टोपी, पाण्याची बाटली, मीठ-साखर. आपल्या कोरड्या बेचाळीस डिग्रीत निभावणारा गडी तिथल्या दमट तेहतिसात आडवा होतो, हे मी तीनदा पाहिलंय.

गटात शाकाहारी किती, ते आठवडा आधी कळवा. ताटावर बसून नाक मुरडणं वाईट दिसतं. सोबत भरताची वांगी आणि लाल मिरचीचा ठेचा न्या. मुक्कामाच्या घरी एक दिवस तुम्ही चूल मागून घ्या आणि भरीत करा. त्या संध्याकाळी जी माहिती मिळते ती कुठल्याही बैठकीत मिळत नाही.

भांडणांपासून लांब राहा. पर्ससीन (मासळीचा थवा घेरणाऱ्या मोठ्या) जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांनी मासेमारीवर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, तरी रापणवाले-गिलनेटवाले पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकावाले यांच्यात धुसफूस असते. दोन्हीकडे तुमच्या यजमानाचे सोयरे निघतात. ऐका, लिहून घ्या, मत देऊ नका.

वादळानंतर मदत पाठवायची तर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर धडकलं आणि ईशान्येला सरकत आपल्या उत्तर महाराष्ट्राच्या दिशेने पुढे आलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं. सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या. कापूस बुडाला तर पुढच्या वर्षी परत पेरता येतो. सुपारीचं नवं झाड उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षं घेतं, तोवर त्या घराने काय खायचं? आपल्याकडे केळीच्या बागा वादळाने लोळतात तेव्हा तलाठी पंचनाम्याला कधी येतो याची वाट बघणाऱ्याला ही धडधड समजेल.

अशा वेळी ट्रक भरून जुने कपडे पाठवू नका. शाळेच्या व्हरांड्यात ते भिजून कुजताना मी पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात ताडपत्री, मेणबत्त्या, चार्जिंगचे दिवे, पिण्याचं पाणी. नंतर पत्रे, कौलं आणि झाडं कापायला करवतीवाली माणसं. निसर्गनंतर काही गावांत वीज कित्येक आठवडे नव्हती, कारण रस्त्यावरची झाडं आणि खांब उचलायलाच हात कमी पडले. तुमच्या गावात वायरमन, सुतार, गवंडी असतील तर त्यांचा प्रवासखर्च आणि रोज तुम्ही गोळा करा आणि त्यांना पाठवा.

पैसे द्यायचे तर नोंदणी, करसवलतीची पावती आणि मागच्या वर्षाचा हिशेब मागा. मागितल्यावर जो दुखावला जातो त्याला देऊ नका. आणि पाच हजार एकदा देण्यापेक्षा दरमहा पाचशे द्या. किनाऱ्याच्या कामाला पगार दरमहा लागतो, उत्साह वर्षातून दोनदाच येतो.

न जाता

सगळ्यांना जाणं जमत नाही. आठवडे बाजारात जा. मिरची-मसाल्याच्या ओळीच्या शेवटी, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, सुकट-बोंबीलवाली बसलेली असते. घमेल्यात सुकट, पोत्यावर बोंबलांच्या जुड्या. जुडी उचलून वास घ्या: नुसता खारट, कोरडा असेल तर नीट वाळलाय, कुबट असेल आणि वाकवल्यावर तुटण्याऐवजी लवचिकपणे वळला तर वाळत असताना पाऊस लागलाय. आपला हरभरा घाटे भरताना जो अवकाळी येतो, तसलाच अवकाळी तिकडे दोरीवर वाळणारा बोंबील सडवतो. त्या बाईला दोन प्रश्न विचारा, माल कुठून येतो आणि यंदा भाव का चढला. सागराच्या हवामानाचं तुमच्या गावातलं केंद्र तेच.

ताजे मासे घेत असाल तर लहान पापलेट घेऊ नका. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय. पापलेटाला १३५ मिलिमीटर. वीत पसरून बघा, वितीच्या निम्म्याहून थोडा जास्त होतो. त्याहून लहान म्हणजे अंडी घालायच्या आधीच पकडलेला. पापलेट हा राज्यमासा आहे, जळगावच्या हॉटेलातही त्याचा मान राखायला हरकत नाही.

आणि शेत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घडाला घातलेल्या प्लास्टिकच्या स्कर्टिंग बॅगा कापणीनंतर बांधावर पडतात, तिथून नाल्यात, नाल्यातून सुकी-मोर करत तापीत. वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरचे तुकडेही तसेच. सगळं डुमसला पोहोचतं असं मी म्हणणार नाही, हतनूर आणि उकाईत बरंच अडकतं. पण अडकलेलं प्लास्टिक आणि गाळ आपल्याच पाण्यात राहतो, त्यात आनंद मानावा असं काही नाही. वाळूचंही तसंच. धरणं वाळू अडवतात, खालच्या पात्रातली आपण रात्री ट्रॅक्टरने नेतो, आणि नदीकडून वाळू मिळणं कमी झालं की मुखाजवळचा किनारा खचायला लागतो. गिरणाकाठच्या गावाने वाळूचा एक ट्रॅक्टर अडवला तर त्याची मोजणी किनाऱ्याच्या कामात करायला माझी ना नाही. एकट्याने अडवू नका, ग्रामसभेचा ठराव घ्या. हे धोक्याचं काम आहे.

ज्यांना लिहिता-वाचता, हिशेब ठेवता येतो त्यांना घरबसल्या बरंच करता येतं: बचत गटाच्या प्रस्तावाचं मराठीकरण, नकाशावर जागा टाकणं, गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत मासे-झाडांची स्थानिक नावं तपासून लिहिणं. हे रटाळ आहे आणि त्यासाठी माणसं कायम कमी असतात.

त्यांना इकडे बोलवा

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. आपणच पाहुणे होत राहिलो तर ते नातं एकेरीच राहतं. मासेमारी बंद असते त्या दिवसांत त्यांना बोलवा. जूनमध्ये नको, पेरणीत कुणी कुणाकडे बघत नाही. जुलैच्या मध्यानंतर, पाऊस लागलेला असताना. एक दिवस बारीपाड्याच्या रानात, रानभाज्या असतील त्या. एक दिवस पांझरेच्या फडावर, पाटकरी असेल तर त्याच्याच तोंडून पाण्याची वाटणी ऐकायला. एक दिवस मुडावदच्या संगमावर.

आम्ही बोलावलं तेव्हा सहा जण आले होते, त्यात त्या कालवंवाल्या काकूही. फडावर त्यांनी पाटकऱ्याला विचारलं, पाणी कोणाला आधी, आणि तंटा झाला तर मिटवतो कोण? तासभर ते दोघंच बोलत बसले, आम्ही चहा पीत होतो. त्यांची राहण्याची सोय शाळेत न करता घरोघरी करा, पंखा चालतो का बघा, आणि भात जास्त टाका. येताना ते सुकटीची पिशवी आणतील. ती बसमध्ये उघडू नका म्हणून आधीच फोन करून सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं.